करंट गेल्यावर

वडगावातल्या आमच्या बोळात बावीस माग.
चालू असताना शेजारच्याचं नावही
ओठांवरून वाचावं लागे.
म्हणून ती कॅसेट आम्ही ऐकली
फक्त करंट गेल्यावर,
दुपारी दोन ते चार,
उन्हात तापवून जिवंत केलेल्या चार सेलांवर.

कॅम्पातल्या बेकरीच्या इनासनं आणली होती.
त्याचा भाऊ बोटीवर भांडी घासायचा,
कुठल्या तरी बंदरात पैजेत जिंकली म्हणे.
कव्हरावर खुर्चीत बसलेला एक माणूस,
पायात बूट नाहीत,
गिटार भिंतीला टेकवलेली, पाहुण्याच्या काठीसारखी.
दहा गाणी. शब्द त्याचे, चाल त्याची, गळा त्याचा,
"आणि सोडून गेलेली बाई पण त्याचीच," इनास म्हणाला.

मी तेव्हा कांड्या भरायची. चौदा वर्षांची.
मोनाप्पा विचारायचा, "काय म्हणलालाय रे त्यो?"
गंगव्वा विचारायची, "एन हेळाकत्तान अंव?"
इनास खांदे उडवायचा.
त्याची कोकणी तिथवर पोचत नव्हती.

मग ऐकू येईल तेच आम्ही खरं धरलं.
दुसऱ्या गाण्यात तो 'लुना, लुना' करायचा,
म्हणजे त्याची गाडी चोरीला गेली होती.
चौथ्यात 'मी विडा' म्हणून गळा काढायचा;
इराप्पा डब्यातलं पान टेपरेकॉर्डरपुढं धरायचा,
"तगो, तिन्नु."
आणि साइड बीच्या शेवटी,
वाद्यं एकेक करून उठून गेल्यावर,
'मी कोरं सोनं'.
त्याला कुणी हसलं नाही.

नोव्हेंबरच्या एक तारखेला
बोळाच्या एका टोकाला काळ्या फिती,
दुसऱ्या टोकाला लाल-पिवळे झेंडे.
मोनाप्पाच्या दंडावर फीत,
इराप्पाच्या खिशाला कागदी पताका.
माग बंद, शटर अर्धं खाली,
दोघं एकाच गाठोड्यावर पाठीला पाठ लावून बसलेले,
बोलायचं नाही असं घरून ठरवून आल्यासारखे.
इनासनं बटण दाबलं.
त्या माणसाला बेळगाव कुणाचं ते ठाऊक नव्हतं.
तो आपली लुना शोधत राहिला.
साइड संपली तेव्हा
कॅसेट उलटवायला दोन हात एकदम पुढं आले.
त्यानं फार काही झालं असं नाही.
दुसऱ्या दिवशी मजुरीवरून भांडण होतंच.

पुढं कधीतरी कॅसेटचीही फीत तुटली. तीही काळीच.
गंगव्वानं ती सांधली, ताण्याचा धागा सांधतात तशी,
नखाएवढी कापून,
वर माझ्या नेलपॉलिशचा एक थेंब.
तेव्हापासून 'मी' आणि 'कोरं सोनं' यांच्यामध्ये
एक खड्डा पडला, श्वासाएवढा.
आम्ही सगळे त्यात एकदम श्वास घ्यायचो.

माग किलोच्या भावानं भंगारात गेले.
इनास गोव्याला.
कॅसेट कुणाकडं राहिली ते मी विचारलं नाही,
मलाही कुणी विचारलं नाही.
इराप्पा गेला तेव्हा
मोनाप्पानं मातीवर एक विडा ठेवला
आणि चपला हातात घेऊन परत आला.

परवा भाचीनं फोनवर शोधून काढलं ते गाणं.
"मावशी, त्यांच्यात 'मी' म्हणजे 'माझं'," ती म्हणाली,
"आणि ते सोनं नव्हे गं, काळीज."
असेल.
गाणं स्वच्छ होतं, सलग, कुठं गाठ नाही.
खड्ड्याच्या जागी मी श्वास घेतला
आणि तो माणूस न थांबता
पुढं निघून गेला.

"हे नव्हे ते," मी म्हटलं.
"आमच्यात तो इथं थांबायचा."